हरित हायड्रोजनचे पुढारी व्हा!

सौरऊर्जेत आता गर्दी झाली. इथेनॉलमध्ये साखर कारखानदारांच्या तीन पिढ्या आधीच बसल्यात. नव्या माणसाला नाव काढायला जागा उरली आहे ती हरित हायड्रोजनमध्ये, म्हणजे सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून काढलेल्या हायड्रोजनमध्ये. या वायूला रंग नाही, वास नाही, भर दुपारी पेटला तर ज्योतही धड दिसत नाही. त्यामुळे काम चालू आहे की बंद, हे बाहेरून कोणालाच कळत नाही. इतकं सोयीचं क्षेत्र पुन्हा मिळायचं नाही.

सुरुवात सामंजस्य करारापासून करा. कारखान्याला जमीन, वीज आणि गिऱ्हाईक लागतं. कराराला दोन फायली आणि मागे उभं राहायला डझनभर माणसं पुरतात. थोरांचा कित्ता डोळ्यांपुढे असू द्या. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचं स्वतःचं धोरण आणलं आणि २०३० पर्यंत वर्षाला ५ लाख टन हरित हायड्रोजनचं उद्दिष्ट ठेवलं. जानेवारी २०२४ मध्ये सात कंपन्यांशी तब्बल २ लाख ७६ हजार कोटींचे करार झाले, आणि त्यांतल्या टनांची बेरीज गेली ९ लाखांच्या वर. उद्दिष्ट सहा वर्षं आधीच जवळजवळ दुप्पट पूर्ण, तेही कागदावर एक थेंब पाणी न सांडता.

अमेरिकेने काय केलं ते मात्र करू नका. तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये सात प्रादेशिक हायड्रोजन केंद्रं निवडली, ७०० कोटी डॉलर जाहीर केले. कॅलिफोर्नियाच्या मंडळींनी विद्यापीठं, बंदरं, कामगार संघटना सगळ्यांना एकत्र बांधून १२० कोटी डॉलरपर्यंतची मंजुरी मिळवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ती रद्द केली. खरे पैसे मागितले की असं होतं. सामंजस्य करार आजवर कोणी रद्द केल्याचं ऐकलंय? तो नुसता विसरला जातो, आणि विसरण्यात कोणाचाच अपमान होत नाही.

आता तज्ज्ञता. ती दिसली पाहिजे, असण्याची घाई नाही. ‘इलेक्ट्रोलायझर’ (विजेने पाणी फोडणारं यंत्र) हा शब्द न अडखळता म्हणता येईपर्यंत आरशासमोर सराव करा. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि एनसीएल, म्हणजे पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस दाखवली गेली. तशा बसशेजारी उभं राहून फोटो जरूर काढा. त्या प्रयोगशाळेतल्या माणसाला मात्र परिसंवादात दहा मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका. हे लोक इंधन घटातला (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या उपकरणातला) पडदा किती तासांनी दमतो याचा आलेख दाखवतात आणि सभागृहाचा उत्साह घालवतात.

प्रश्न येतीलच. पहिला येईल पाण्याचा, आणि तो आला की मनातल्या मनात पेढे वाटा. एका किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या हिशेबाने ९ लिटर पाणी लागतं. ५ लाख टनांना वर्षाला ४५० कोटी लिटर. ऐकायला भयंकर, पण ते होतं जेमतेम ०.१६ टीएमसी, एकटं खडकवासलाच दोन टीएमसीच्या घरात आहे. शुद्धीकरण आणि थंड करण्याचं पाणी धरून आकडा दुप्पट करा, तरी आभाळ कोसळत नाही. तुम्ही मात्र हे लगेच सांगू नका. मराठवाड्याच्या टँकरवर वाद रंगू द्या, समिती नेमा. पाण्यावर भांडण चालू आहे तोवर विजेचं नाव कोणी काढत नाही.

कारण विजेचा हिशेब खरंच अवघड आहे. किलोमागे ५० युनिट तरी धरा. ५ लाख टनांना वर्षाला २,५०० कोटी युनिट. ही वीज सूर्याकडून घ्यायची तर अकरा हजार मेगावॉटच्या वर पॅनेल लागतील. कोयनेचा सगळा प्रकल्प १,९६० मेगावॉटचा आहे. शिवाय सूर्य संध्याकाळी घरी जातो, मग लाखमोलाची यंत्रं रात्रभर काय करतात? कोणी विचारलंच तर म्हणा, ‘परिसंस्था विकसित होत आहे.’ (या वाक्याला अजून उत्तर सापडलेलं नाही.)

पंजाबातल्या नांगलचं नाव तर चुकूनही काढू नका. भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढायचा आणि त्यातून खत करायचं, हे नांगलच्या कारखान्यात १९६०च्या दशकातच चालू होतं. पुढे विजेला इतर मागण्या वाढल्या आणि कारखाना तेलाकडे, मग नैसर्गिक वायूकडे वळला. ही गोष्ट सभेत निघाली तर ‘देशात प्रथमच’ हे शब्द तुमच्या भाषणातून जातील, आणि मग भाषणात राहतंच काय?

सगळ्यात जपून राहायचं ते थळच्या किंवा माहुलच्या शिफ्टवाल्यापासून. आरसीएफ या सरकारी खत कंपनीच्या अलिबागजवळच्या थळ कारखान्यात खतासाठी, मुंबईतल्या माहुलच्या रिफायनऱ्यांत इंधनातलं गंधक काढायला, ही माणसं वर्षानुवर्षं नैसर्गिक वायूतून काढलेला आणि तत्सम हायड्रोजन हाताळतात. हा वायू पोलादात शिरून ते ठिसूळ कसं करतो, नळांच्या जोडावरच्या कुठल्या फ्लँजपाशी गळतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना व्यासपीठावर बसवलंत तर ते एकच विचारतील: किलोला किती, आणि घेणार कोण?

याचं उत्तर शोधायचा प्रयत्न झालाय, नाही असं नाही. २०२५ मध्ये सेकी या केंद्राच्या सौरऊर्जा कंपनीने खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे, म्हणजे हरित हायड्रोजनपासून केलेल्या अमोनियाचे, लिलाव केले, दहा वर्षांच्या खरेदीचे. बोली किलोला ५० ते ६५ रुपयांच्या आसपास उतरल्या. पण सगळं संगणकावर. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. तुम्ही तिकडे फिरकू नका. तिथे एकदा दर बोललं की त्या दराने माल द्यावा लागतो.