३८४ चा आकडा सगळीकडे चालत नाही

घरोघरी करायच्या सर्वेक्षणावरच्या लेखात ‘३८४ जणांचा नमुना पुरतो’ असं सरसकट म्हटलंय, ते खटकलं. हा आकडा साध्या यादृच्छिक निवडीचा (पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून थेट निवडण्याचा) आहे: ९५ टक्के विश्वासपातळी, ±५ टक्के चूकमर्यादा (म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा उत्तर खऱ्या आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आत) आणि मोजायचं प्रमाण ५० टक्के धरून. पण लेखातली पद्धत बघा, आधी वस्त्या निवडायच्या, मग प्रत्येक वस्तीतली २० घरं. एका वस्तीतली घरं बरीचशी एकमेकांसारखी असतात, त्यामुळे विसावं घर नवीन असं फारसं सांगत नाही. वस्तीअंतर्गत सहसंबंध (एका वस्तीतली घरं किती सारखी, याचं माप) ०.०५ इतका किरकोळ धरला तरी नमुना जितक्या पटीने वाढवायचा तो गुणक १ + १९ × ०.०५ = १.९५ होतो. म्हणजे ७४९ घरं हवीत. उत्तरं ८० टक्केच मिळणार असतील तर ९३७. ३८४ वरच थांबलात तर चूकमर्यादा ७ टक्क्यांच्या आसपास जाते. वस्त्या वाढवून प्रत्येकी ८ घरं घेतली तर गुणक १.३५ वर येतो, फिरण्याचा खर्च मात्र वाढतो.

आणि हो, बंद घराऐवजी शेजारचं घर घ्यायची सूट मुळीच देऊ नका. दिवसा घरी असणारेच नमुन्यात भरतात, आणि मग नमुना दुप्पट केला तरी तो कल जात नाही. त्याच घरी वेगळ्या वेळी, शक्यतो संध्याकाळी, आणखी दोन फेऱ्या मारा.