‘औरंगाबादला काय ठेवलंय?’

हे वाक्य आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात प्रत्येकानं एकदा तरी टाकलं असेल. निमित्त पुतणीच्या क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, निकालाचं. महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी ज्या वेगळ्या जागा असतात, त्यातून औरंगाबादचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळावं अशी तिची रँक आहे. (शहराचं नाव बदललंय हे मला माहीत आहे. मी निघालो तेव्हाचं तोंडात बसलंय.) दुसरीकडं पुण्याच्या एका खासगी विद्यापीठानं प्रवेश देऊन पैसे भरायची तारीखसुद्धा कळवली. तिसरी वाट क्लासवाल्यानं दाखवली: एक वर्ष ड्रॉप घ्या, बेंगळुरू नाहीतर हैदराबादचं विधी विद्यापीठ नक्की. क्लासवाल्यांचं ‘नक्की’ आम्हाला दहावीपासून पाठ आहे. तर सेलूचे आमचे अण्णा, जालन्याचे भावजी, पुण्यात फ्लॅट घेतलेला आतेभाऊ, सगळ्यांचं एकमत: औरंगाबाद सोडून काहीही.

मला चीड येते ती हे बोलणारे सगळे मराठवाड्याचेच आहेत याची. जन्मभर अनुशेष, अनुशेष म्हणून कंठशोष केला. मेडिकलच्या सत्तर-तीसनं, म्हणजे सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना ठेवायच्या नियमानं, आपल्या लेकरांवर अन्याय केला म्हणून २०२० पर्यंत भांडलो. विधी विद्यापीठांच्या २०१४च्या कायद्यात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशी तीन नावं होती. मुंबईचं २०१५ला सुरू झालं, नागपूरचं २०१६ला आणि आपलं २०१७ला, म्हणजे नेहमीप्रमाणे शेवटी. आता पदरात पडलंय तर नाक मुरडायला पहिले आपणच.

इथं अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला, माझ्या लेकीनं गेल्या वर्षी लॉ स्कूल निवडलं. शिकागोच्या एका नावाजलेल्या कॉलेजनं तिला घेतलं होतं, पण स्कॉलरशिप शून्य. ओहायो स्टेटमध्ये इन-स्टेट फी. तिनं लॅपटॉपवर एक तक्ता केला. एका रकान्यात तिथल्या विद्यार्थ्यांचा एलसॅटचा (इथली लॉची प्रवेश परीक्षा) मधला स्कोअर, दुसऱ्यात फी, तिसऱ्यात पदवीनंतर दहा महिन्यांनी किती जण खरोखर वकिलीच्या नोकरीत आहेत ते. हे आकडे तिला कुणाच्या ओळखीनं मिळाले नाहीत. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानं प्रत्येक कॉलेजला ते जाहीर करावेच लागतात. मग तिनं ‘दुसरीकडून इतके मिळतायत, तुम्ही काय देता’ असं सरळ पत्र लिहिलं आणि थोडे पैसे वाढवून घेतले. जुलै २०२६पासून नव्या मुलांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद. व्यावसायिक पदवीला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण दोन लाख, त्याच्या वर नाही. त्यामुळे हे हिशेब आता इथं अजून कडक होणार. आमच्या ग्रुपवर मात्र पुण्याच्या विद्यापीठाचं जे माहितीपत्रक फिरतंय त्यात हिरवळ आहे, काचेची इमारत आहे, एका मुलाला मिळालेलं पॅकेज आहे. बाकीच्यांचं काय झालं, हे ग्रुपवर एकानंही विचारलेलं नाही.

भावजींच्या मुलानं लगेच शोधून टाकलं, ‘मामा, तुमच्याकडं सुप्रीम कोर्टात नवांपैकी आठ जज हार्वर्ड नाहीतर येलचे आहेत.’ आहेत बाबा. पण आपली पोर वॉशिंग्टनला निघालेली नाही. तिला जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टात न्यायाधीश, व्हायचंय, हे ती दहावीपासून सांगतेय आणि या चर्चेत नेमकं तेच कुणी धरत नाही. मे २०२५मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली पाहिजे. म्हणजे पाच वर्षं पदवीची, सनद घ्यायची, आणि पुढची तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली ज्युनियर म्हणून काढायची. ज्युनियरला सीनियर काय देतात, हे कोणत्याही बार रूममध्ये विचारून बघा. पुण्यातल्या खोलीचं भाडंसुद्धा सुटत नाही. औरंगाबादला आत्याचं घर आहे. हायकोर्टाचं खंडपीठ १९८१पासून तिथं आहे, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसकट बारा जिल्ह्यांचं काम त्याच्याकडं येतं. पहिल्या वर्षापासून सुट्टीच्या दिवसांत कुणाच्या तरी चेंबरला जाऊन बसली, तर सनद हातात पडेपर्यंत तिला निम्मे वकील नावानं ओळखतील.

आणि मराठवाड्यातल्या जमिनीच्या दाव्यांचा कायदाच वेगळा आहे. सेलूतल्या जमिनीच्या फाइलीत हैदराबादचा १९५०चा कूळ कायदा निघतो, १९५४चा इनाम रद्द करण्याचा कायदा निघतो, खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, निघतं, आणि अजून खाली गेलात तर निजामाच्या काळातला उर्दू कागद. आमच्याच दाव्यात असा एक कागद आहे. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, मागं चिकटपट्टी लावलेला. तो वाचून घ्यायला आजोबांनी परभणीच्या एका मौलवींना गाठलं होतं. बेंगळुरूला घटनेची कलमं उत्तम शिकवत असतील, पण संरक्षित कूळ कशाला म्हणतात हे त्या पोरीला शेवटी परभणीच्या कोर्टातच शिकावं लागेल. क्लॅटचे १२० प्रश्न सगळे इंग्रजीत. खालच्या कोर्टातली कैफियत, उलटतपास, तलाठ्याची साक्ष, सगळं मराठीत. उज्ज्वल निकम जळगावच्या लॉ कॉलेजातून वकील झाले, आणि जळगावही याच खंडपीठाखाली येतं. त्यांना कुणी कॉलेज विचारलेलं मला आठवत नाही.

पैशाचं तर बोलायलाच नको. विधी विद्यापीठसुद्धा स्वस्त नाहीच, फी आणि होस्टेल धरून पाच वर्षांचा आकडा लाखांत जातो. पण पुण्याचं खासगी त्याच्या दुपटीच्या पुढं. अण्णा त्यासाठी स्टेशनकडचा प्लॉट काढायला निघालेत. क्लॅटचं जमलंच नसतं तरी मी म्हटलं असतं की सीईटी दे, ती मराठीतही देता येते, आणि काही हजारांत शिकवणाऱ्या एखाद्या जुन्या अनुदानित कॉलेजात जा.

वहिनी एकट्याच माझ्या बाजूनं आहेत, पण त्यांचं कारण मला नकोय. ‘पोरगी रेल्वेनं अडीच-तीन तासांवर असलेली बरी,’ म्हणतात. मी जवळ म्हणतोय ते कोर्टाच्या जवळ, घराच्या नव्हे. हे दोनदा लिहिलं. त्यावर त्यांनी हात जोडलेले दोन इमोजी टाकले.

मग अण्णांनी ते विचारलंच. ‘तू कामून नाही राहिलास मग इथं?’

यावर माझ्याकडं नेहमीची उत्तरं आहेत. तेव्हा परभणीत काय होतं, कोणती कंपनी होती, वगैरे. ती मी लिहिली नाहीत. खरं सांगायचं तर माझ्या मताला माझाही एक स्वार्थ चिकटलेला आहे. आबा गेल्यावर सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. त्यानंतर मी इथलं नागरिकत्व घेतलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मला सेलूत आता एक गुंठाही शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आली ती तेवढी माझी. त्या तुकड्याच्या दाव्यासाठी मी बँकेतल्या नोटरीपुढं सही करतो. कॅथी नावाची बाई आहे, प्रत्येक वेळी गावाचं नाव कसं उच्चारायचं विचारते. मग ओहायोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा दाखला, लावून कुलमुखत्यारपत्र अण्णांना पाठवतो. अण्णा सत्तरीला आले. त्यांच्यानंतर ते कुणाच्या नावानं पाठवायचं? माझी लेक ओहायोची वकील होईल, तिला खासरा म्हणजे काय हे सांगायला बसलो तर ती मला मधेच थांबवेल. मला घरात वकील हवाय, आणि तो त्याच खंडपीठात उभा राहणारा हवाय. त्या कागदावरून माझं नाव निघालं तर सेलूत माझं म्हणून काय उरतं, याचा विचार मी शक्यतो करत नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं नाही, अण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘मग असं सरळ सांग की. पोरीच्या करिअरचं नाव कशाला?’ मी म्हटलं, दोन्ही खरं असू शकतं. औरंगाबाद घेतलं तर निम्मी फी मी भरतो, प्लॉटला हात लावू नका, असंही म्हटलं. त्यावर ते ‘बघू’ म्हणाले. पैसे मी देणार म्हटल्यावर त्यांचा आवाज जरा खाली येतो, ते मला आवडत नाही आणि थोडं आवडतंही.

परवा पुतणीनं ग्रुपवर लिहिलं. पुण्याची पैसे भरायची तारीख तिनं परस्परच जाऊ दिली होती. औरंगाबादची जागा लागली, ती घेतली, पण फ्रीझ, म्हणजे पक्की, न करता फ्लोट केलं, म्हणजे वरच्या पसंतीची वाट मोकळी ठेवली. यादीत पहिलं नाव मुंबईचं आहे, पुढच्या फेरीत वर सरकलं तर तिकडं जाणार.

मी लगेच विचारलं, मुंबई कशाला?

‘काका, हायकोर्टाचं प्रधान पीठ तिथंच आहे ना,’ तिनं लिहिलं. ‘कोर्टाच्या जवळ म्हणून तुम्हीच सांगितलं.’

अण्णांनी त्यावर अंगठा दिला.