अंगणातलं झाड स्वतः पाडायचा सल्ला: तो का मानू नये

मे महिना लागला की एक मजकूर फोनाफोनी फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: पावसात झाड घरावर कोसळण्यापेक्षा आताच पाडा. झाडं तोडणाऱ्यांना हजारो रुपये कशाला द्यायचे, चेनसॉ, म्हणजे साखळीवर चालणारी यंत्रकरवत, भाड्याने मिळतो. शेंड्याला दोर बांधा, दोघांनी ओढा, तिसऱ्याने मागून सरळ कापत जावं. उंच फांद्यांना शिडी लावा. मशीनची भीती वाटली तर हातकरवत घ्या, तिच्यात धोका नाही. झाड ठेवायचंच असेल तर निदान अर्धा शेंडा छाटा. आणि जागा आपली, झाड आपलं, मग परवानगी कसली?

काळजी खरी आहे. गुलमोहर, शेवगा अशी ठिसूळ लाकडाची झाडं वाऱ्यात मोडतात, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. पण त्यावर सांगितलेला उपाय माणसाच्या जिवावर बेतणारा आहे.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘मागून सरळ कापत जावं’. सरळ उभं झाड असं कापलं तर ते मागे रेलतं आणि पातं कापात अडकतं. पुढे झुकलेल्या झाडाचं याहून वाईट होतं. त्याच्या पाठीकडचे तंतू ताणलेले असतात. काप पुरा व्हायच्या आधीच खोड उभं चिरतं आणि मागचा फाळका झटक्यात वर उसळतो, नेमका कापणाऱ्याच्या छाती-तोंडाशी. जाणकार माणूस ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूला आधी खाच घेतो. वरचा काप तिरका, खालचा आडवा, दोन्हींत साधारण 70 अंशांचा कोन आणि खोली बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी. मग मागून काप घेतो, पण आरपार नेत नाही. खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी लाकडाची पट्टी राखतो. 40 सेंटिमीटरच्या बुंध्याला 4 सेंटिमीटर. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी झाडाला धरून ठेवते आणि ठरलेल्या बाजूला वळवते. ती तुटली की झाड कुठे जाईल ते कुणाच्याच हातात राहत नाही. झुकलेल्या झाडाला एवढंही पुरत नाही, त्याची कापण्याची रीत आणखी वेगळी आहे. त्या मजकुरात यातलं अक्षरही नाही.

पट्टी टिकायला आतलं लाकूड शाबूत हवं. आपण झाड पाडायला निघतो ते बहुधा बुंध्याला ढोली आहे, वाळवी लागली आहे, झाड कलंडलं आहे म्हणूनच. म्हणजे ज्या कारणाने ते पाडावंसं वाटतं, त्याच कारणाने ते नवख्याने हात लावण्यासारखं राहिलेलं नसतं. हे एवढं तरी प्रत्येकाने लक्षात घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोराचंही तेच. 30 फूट झाड पाडताना त्याच्या दुप्पट, म्हणजे 60 फुटांच्या आत दुसरं कुणी असू नये. बंगल्याच्या आवारात एवढी मोकळी जागा असते कुठे? दोर आखूड असला तर ओढणारे दोघे झाडाच्या पडण्याच्या टप्प्यातच उभे असतात. अशा जागी झाड एकसंध पाडायचंच नसतं. प्रशिक्षित माणूस पट्टे-दोर लावून वर चढतो आणि वरून तुकड्या-तुकड्याने ते उतरवतो.

शिडीवर चेनसॉ तर नकोच नको. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, सावरायला क्षणही मिळत नाही. ते दोन्ही हातांनी घट्ट धरायचं असतं. शिडीवर एक हात आधाराला जातो. शिवाय फांदी तुटली की उरलेला भाग भार हलका होऊन वर उचलला जातो आणि शिडीचा टेकाच सुटतो. भाड्याने मशीन मिळतं, पण हेल्मेट, जाळीचा पडदा, चेन अडवणारी पँट बरोबर मिळतेच असं नाही, आणि माणसं चपला घालून कापायला उभी राहतात.

हातकरवतीने काम सावकाश होतं, म्हणून फांदी हलकी होत नाही. 20 सेंटिमीटर जाडीची, 4 मीटर लांबीची ओली फांदी शंभर किलोच्या आसपास भरते. जमिनीवर उभं राहून हात पोचेल अशा बारीक फांद्यांना मात्र करवत उत्तम. आधी खोडापासून थोडं लांब, खालून पाव जाडीपर्यंत काप. मग त्याच्या किंचित पुढे वरून काप, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. शेवटी उरलेला खुंट काढायचा, पण फांदीच्या बुडाशी असलेला फुगीर कंगोरा राखून. अमेरिकी वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, ती आतून कोंडून टाकतं. तो कंगोरा कापला तर कुजण्याला खोडात वाट मिळते.

अर्धा शेंडा छाटण्याचं फळ हेच. मोठ्या कापातून कूज शिरते, भोवती वरवर चिकटलेले फुटवे येतात आणि काही पावसाळ्यांनी तेच फुटवे जड होऊन मोडतात. नारळाचा तर कोंब एकच. तो छाटला की माड मेला.

परवानगीचं थोडक्यात. महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि तो खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा त्याहून जास्त वर्षांची झाडं वारसा वृक्ष ठरतात. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड कायदा झाडांच्या काही ठरावीक जातींना लागू होतो. गोव्यात 1984 चा कायदा आहे.

तारांबद्दल त्या मजकुरात चकार शब्द नाही. ओलं लाकूड वीज वाहून नेतं. फांदी तारेजवळ असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद झाल्याखेरीज करवत, कोयता, दोर काहीच लावायचं नाही.

करायचंच असेल तर आत्ता हे करा. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, झुकलेल्या बाजूच्या विरुद्ध माती उचलली गेली आहे का, वर वाळक्या फांद्या अडकल्या आहेत का, हे जमिनीवरूनच पाहा. फोटो काढून अर्जाला जोडा. काम द्याल त्या माणसाला विचारा: वर चढताना पट्टा कुठला बांधणार, फांद्या दोराने कुठे उतरवणार, तारा बंद कोण करून घेणार? याची धड उत्तरं न देणारा कितीही स्वस्त असला तरी त्याला झाडावर चढवू नका.