शुभेच्छांचा फ्लेक्स आणि गडावरचं टाकं

आज १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. सकाळी आमच्या तालुक्यातल्या गडावर गेलो, तर महादरवाजावर त्याच्याच शुभेच्छांचा भलामोठा फ्लेक्स. दगडांच्या सांध्यांत खिळे ठोकून लावलेला! डोकं सणकलं. अरे, जुना चुना आहे तो. खिळ्याने सांधा मोकळा झाला की पावसाचं पाणी आत शिरतं, तिथे पिंपळ रुजतो आणि त्याची मुळं अख्खा चिरा ढकलून देतात.

मागच्या उन्हाळ्यात याच गडावरचं टाकं आम्ही उपसलं. साखळी करून घमेली हातोहात बाहेर. पायथ्याच्या वाडीतले एक मामा काठावर बसून होते. म्हणाले, "आधी त्या कडंच्या पन्हळीतला गाळ काढा. वरचं पानी तिथनंच येतंय." पन्हळ मातीखाली गाडली गेलेली. ती दिसणार कुणाला? मामांना ठाऊक, कारण त्यांच्या आईने याच टाक्यातून हंडे वाहिलेले. जुलैत टाकं काठोकाठ भरलं.

त्याच जुलैत, ११ तारखेला, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. ऊर भरून आला, पेढे वाटले. त्यातले साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड राज्य पुरातत्त्वकडे, उरलेले आठ केंद्राकडे. पण आमच्यासारख्या शेकडो गडांना कोण आहे? वाडीतले मामाच ना? जयजयकार करायला हजार जण येतात. गाळ काढायला या म्हटलं की सगळ्यांच्या घरी लग्न निघतं!

फ्लेक्समुळे चार पोरं गडावर येतात, मान्य. आणि खरं सांगू? फ्लेक्सवरच्या फोटोंतली दोघं तेव्हा टाक्यात उतरली होती. गुडघाभर चिखलात, दिवसभर. मामांनी सांगितलेली पन्हळ त्यांनीच मोकळी केली. म्हणून जास्त लागलं. पोरं वाईट नाहीत रे. खिळ्याने काय होतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

नुसत्या उत्साहानेही वाटोळं होतं, तेही कबूल. चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापलेलं पाहिलंय मी. आतली ओल कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणूनच परवानगी घ्या, जाणकाराला विचारा.

पुरातत्त्व विभागाने वर्षातून एकदा तरी तालुक्याला येऊन चुन्याचं काम शिकवावं. जागा आम्ही देऊ, जेवण वाडी करेल. गावचे गवंडी येतील, ही पोरंही येतील. आणि शिकवणाऱ्यांनी आधी मामांशेजारी तासभर बसावं. गडावरची बाकीची टाकी कुठे गाडली गेलीत, ते त्यांनाच माहीत आहे.