सीटी रिपोर्टला लागलेल्या वेळेबाबत आमचे उत्तर

आदरणीय महोदय,

आपल्या मातोश्रींच्या तपासणीच्या वेळी आपणा सर्वांना जो मनस्ताप झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र "किडनीजवळच्या चरबीच्या गाठीचा तासाभराचा रिपोर्ट, त्याला दोन दिवस लावले आणि शेवटी बायोप्सी करा म्हणून हात झटकले" हे आपल्या अभिप्रायातील वाक्य परभणी-जिंतूरकडचे अनेक रुग्ण वाचतील, म्हणून उत्तर देणे भाग आहे. रुग्णाविषयी आपण स्वतः लिहिले आहे, त्यापलीकडे आम्ही येथे काही लिहिणार नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सायंकाळी मिळाला. आदल्या दिवशी उपाशीपोटी येण्यास सांगूनही नाश्ता झालेला होता आणि क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी, रक्ततपासणीही झालेली नव्हती, त्यामुळे स्कॅनच दुपारनंतर झाला.

त्यानंतरचा वेळ कशासाठी गेला, हे सांगितलेच पाहिजे. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर येते आणि चरबी उणे १०० च्या आसपास, त्यामुळे गाठीत चरबी आहे हे लगेच कळते. ती गाठ किडनीतूनच निघाली आहे की बाहेरून किडनीला ढकलते आहे, हे कळायला वेळ लागतो. गाठ टेकते तिथे किडनीच्या कडेला खाच आहे का आणि त्या खाचेतून रक्तवाहिनी गाठीत शिरते का, हे बारीक कापांच्या प्रतिमा एकेक करून पाहावे लागते. खाच आणि रक्तवाहिनी सापडली तर बहुधा अँजिओमायोलायपोमा, म्हणजे सहसा कर्करोग नसलेली गाठ. कड अखंड राहून नुसती दबलेली असेल तर लायपोसार्कोमा या कर्करोगाचा संशय बळावतो. पहिल्यात किडनी अनेकदा वाचवता येते, दुसऱ्यात ती गाठीसोबत काढावी लागू शकते. एखाद्याच्या आईविषयीचा असा कागद घाईत सही करून देणे आम्हाला जमणार नाही.

बायोप्सीचा, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा, सल्ला देणे म्हणजे हात झटकणे नव्हे. गाठीतला चरबी नसलेला घट्ट भाग नेमका कोठे आहे आणि सुई तिथेच घालावी, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिले आहे, कारण सुई नुसत्या चरबीत गेली तर आजाराची खरी तीव्रता निसटू शकते. हे वाचूनही आपण तसे लिहिले, याचे वाईट वाटले.

वेळ लागणार असेल तर काउंटरवर तशी कल्पना देण्याबाबत कर्मचाऱ्यांना सांगितले आहे. सर्व प्रतिमांची सीडी दुसऱ्या मतासाठी विनाशुल्क न्यावी. छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईच्या डॉक्टरांना काही विचारायचे असल्यास मी स्वतः त्यांच्याशी बोलेन.

आपला,
संचालक व रेडिओलॉजिस्ट