शनिवारच्या आत फोटो पाठवा!

२०२१ साली कोरोनामुळे शाळा बंद, तास मोबाईलवर. शाळेकडून दर सोमवारी व्हॉट्सॲपवर वेळापत्रक, शनिवारपर्यंत सगळ्या वह्यांचे फोटो. पाठवायचे कुठून? आमच्या खानापूर तालुक्यात, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, कणकुंबी-जांबोटीकडच्या रानात, रेंजसाठी पोरं माळावर चढायची. भर पावसात! एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईल. घरात फोन एकच, तोही बाप कामावर न्यायचा. दोघी बहिणींनी तास करायचा कधी, मध्यरात्री? आणि सूचना कन्नडमधून! शाळा मराठी माध्यमाची ना? मग आईला वाचता येतील अशा दोन ओळी लिहायला काय झालं होतं? त्यात दहावीचे सहा विषय दोनच दिवसांत, १९ आणि २२ जुलै २०२१! तयारी कशावर करायची, अर्धवट उघडणाऱ्या व्हिडिओवर? वर शाळेतून फोन यायचा, पोरगी गैरहजर का? अहो, ती माळावर भिजत उभी होती!