पोती टाकून भगदाड बुजत नाही, कॅनॉलचं तोंड बंद करा

शहराचा पूरबांध फुटला की टीव्हीवर तेच दृश्य, हेलिकॉप्टरला लटकलेलं पोतं आणि खाली घोंघावणारं पाणी. 2005 ला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना वादळात हे पाहिलं तेव्हापासून विषय डोक्यातून गेला नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

29 ऑगस्टला तिथल्या सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कॅनॉलची काँक्रीटची भिंत फुटली, साधारण 450 फुटांचं भगदाड. पाणी भिंतीवरून गेलंच नव्हतं, खालची मऊ माती सरकली आणि भिंतच ढकलली गेली. हा कॅनॉल खरंतर शहरातलं पावसाचं पाणी पंपाने उपसून पाँचरट्रेन तलावात सोडायला बांधलेला, पण वादळाने तलाव फुगला आणि तोच रस्ता उलटा झाला, तलाव शहरात शिरला. मग 3000 पौंडांची पोती वरून टाकायला सुरुवात झाली. पण वेगाने वाहणारं पाणी तळ खरवडत असतं, पोती एकेक करून पडतात आणि पुरून जातात किंवा वाहून जातात. भगदाड बंद झालं साधारण 5 सप्टेंबरला, तोवर तलावाची आणि शहराची पातळी एक होऊन धार केव्हाच मंदावली होती. शहराचा 80 टक्के भाग पाण्याखाली.

पोती वाईट नाहीत हो, पण ती फुटायच्या आधीची वस्तू आहे. आपल्याकडे 1961 ला पानशेतला जवानांनी रात्रभर खचणाऱ्या बांधावर पोती रचली, धरण वाचलं नाही, पण ते रात्री न फुटता 12 जुलैच्या सकाळी फुटलं आणि पुण्यात कितीतरी जीव त्या काही तासांमुळे वाचले.

फुटल्यावर मात्र एकच मोठी वस्तू लागते, जी पाणी स्वतःच दाबून बसवेल. 1 फेब्रुवारी 1953 ला हॉलंडमध्ये न्यूवरकर्क गावाजवळ बांध फुटला, मागे लाखो वस्तीचा सखल प्रदेश, तेव्हा आरी एव्हेग्रून नावाच्या नावाड्याने आपलं मालवाहू जहाज त्या भगदाडात आडवं घातलं आणि ते प्रवाहाने तिथेच घट्ट बसलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. पण ते भगदाड छोटं होतं, जहाज पुरलं. 450 फुटांना असं काय घालणार? आणि सुटलेलं बार्ज (सपाट तळाची मालवाहू नाव) काय करतं तेही कतरिनातच दिसलं, त्याच शहरातल्या इंडस्ट्रियल कॅनॉलमधलं एक रिकामं बार्ज फुटलेल्या भिंतीतून थेट लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत घरांवर जाऊन बसलं.

म्हणून माझं म्हणणं, भगदाडाशी भांडू नका, पाणी जिथून कॅनॉलमध्ये येतं ते तोंड बंद करा. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कॅनॉलवर नंतर हेच केलं, तलावाजवळच्या पुलापाशी लोखंडी शीट पाइल, म्हणजे जमिनीत उभे ठोकायचे जाड पत्रे, ठोकून तोंड बंद केलं. तोंड अरुंद असतं, पुलाचा आधार मिळतो, क्रेन उभी राहते. मग ते पत्रे, ती क्रेन आणि चालवणारी माणसं वादळाच्या आधीच पुलाजवळ का नसावीत? आग लागल्यावर विहीर खणायला घ्यायची का? वादळाची सूचना तर दोन-तीन दिवस आधी मिळालेली असते.

सगळ्यात जास्त राग याचा येतो की तोंडाशी दारं बसवायचा प्रस्ताव आधीपासून होता. पाऊस पडत असताना पंपिंग अडेल म्हणून स्थानिक यंत्रणांना दारं नको होती, त्याऐवजी भिंती उंच करायचं ठरलं. भीती खोटी नव्हती, पण मग दारापाशीच पंप बसवायचे ना! कतरिनानंतर तेच झालं, 2006 ला तात्पुरती दारं आली, आणि पंपासकट कायमची पूर्ण व्हायला 2018 उजाडलं.